डोक्यातला गजकर्ण मलमाने का जात नाही?

(आरोग्य पाठ : पालक, आशाताई, अंगणवाडीताई आणि आश्रमशाळेतील अधीक्षकांसाठी)

मागच्या अंकातला पाठ खरजेवर होता. तो पाड्यांवरच्या बैठकांत वाचला गेला तेव्हा आयांनी सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न मात्र खरजेचा नव्हता. "पोराच्या डोक्यात गोल चट्टा पडलाय, तिथले केस गेलेत, चार ट्यूबा संपल्या, तरी ते जात का नाही?" हा प्रश्न जव्हारकडे निघाला, मोखाड्याकडे निघाला, आणि दोन ठिकाणी तर बापांनी विचारला. म्हणून हा पाठ त्यावर.

उत्तर आधीच सांगून टाकतो. डोक्यातला गजकर्ण नुसत्या मलमाने बरा होत नाही. त्याला पोटातून औषध घ्यावे लागते, तेही डॉक्टरांनी मुलाचे वजन पाहून दिलेले, आणि चार ते आठ आठवडे न चुकता. अंगावरच्या गजकर्णाला मलम चालते, डोक्यातल्याला पुरत नाही. एवढी एक गोष्ट आईबापांना समजली तर निम्मा पैसा आणि निम्मा त्रास वाचतो. पण ती नीट समजायला हवी, कारण "गोळी घ्या" एवढे सांगून भागत नाही. गोळी सुरू करणारे पुष्कळ असतात, संपवणारे थोडे.

मलम का पुरत नाही ते शेतावरून पाहू. भातावर खोडकिडा पडतो तेव्हा मधला पोंगा सुकतो आणि ओढला तर सहज हातात येतो. कीड पानावर बसलेली नसते, ती खोडाच्या आत शिरलेली असते. पानांवर वरून काही मारले तर ते पानावरच राहते. म्हणून दाणेदार औषध बांधीतल्या चिखलात टाकतात. रोप ते मुळाने ओढून घेते आणि औषध आतून वर चढते.

डोक्यातल्या गजकर्णाचे तसेच आहे. हा रोग बुरशीचा. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर जी बुरशी येते तिच्याच जातकुळीतली, पण ही माणसाच्या आणि जनावरांच्या कातडीवर, केसांत व नखांत जगते. अंगावर ती कातडीच्या वरच्या थरात राहते, तिथे मलम पोहोचते. डोक्यात मात्र ती केसाच्या मुळाशी उतरते आणि केसाच्या दांड्यात शिरते. दांडा पोखरला गेला की केस कातडीशीच तुटतो. वरून चोळलेले मलम त्या खोलीपर्यंत जात नाही. पोटात घेतलेली गोळी रक्तातून केसाच्या मुळाशी जाते आणि तिथे तयार होणाऱ्या नव्या केसात मिसळते. असा औषध घेऊन उगवलेला केस बुरशीला पोखरता येत नाही. जुना, आतून पोखरलेला केस मात्र हळूहळू बाहेर सरकून गळून जावा लागतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आठवडे का लागतात याचे उत्तर त्या सेंटिमीटरात आहे.

ओळखायचे कसे

हा रोग बहुतेक करून तीन ते बारा-चौदा वर्षांच्या मुलांना होतो. मोठ्या माणसांच्या डोक्यात तो क्वचित दिसतो. नावे मात्र गोंधळाची आहेत. कोणी त्याला गजकर्ण म्हणते, कोणी नायटा, कोणी खवडे, तर कोणी चाई. चाई हा वेगळा रोग आहे. चाईत केस गेलेली जागा तळहातासारखी गुळगुळीत असते, कोंडा नाही, खाज नाही, खपली नाही. गजकर्णात त्या जागी राखाडी कोंडा असतो, खाज असते, आणि जवळून पाहिले तर तुटलेल्या केसांचे खुंट दिसतात. कधी केस अगदी कातडीच्या पातळीवर तुटतात, मग टकलावर कोणी काळी मोहरी सांडल्यासारखे ठिपके दिसतात. आपल्या देशातल्या मुलांत हे काळे ठिपके पुष्कळदा आढळतात, आणि ते घाण किंवा लिखा समजून सोडून दिले जातात. लीख केसाला चिकटलेली आणि पांढरट असते. हा ठिपका कातडीत रुतलेला आणि काळा असतो.

कधी चट्टा मोठा नसतोच. सगळ्या डोक्यात कोंडा असतो आणि केस विरळ झालेले असतात, एवढेच. लहान मुलाच्या डोक्यात हट्टी कोंडा दिसला आणि मानेमागे किंवा कानामागे गाठी हाताला लागल्या, तर तो साधा कोंडा आहे असे घरीच ठरवू नये. आणखी एक सूचना, दिसायला अगदी बारीक पण कामाची: तपासायला नेण्याच्या दिवशी डोक्याला तेल लावू नका. आपल्याकडे मुलाला दवाखान्यात नेताना आई आधी न्हाऊ घालते, तेल चोपडते, भांग पाडते. माया आहे ती. पण तेलाने कोंडा दबतो आणि तपासणाऱ्याला चट्टा नीट दिसत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत घाबरवणारा. डोक्यावर गळवासारखी मऊ, दुखरी सूज येते, तिच्यावर अनेक बारीक छिद्रांतून पू पाझरतो, केस चिकटतात, कधी ताप येतो. डॉक्टरी भाषेत याला केरिऑन म्हणतात. हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ मधाचे पोळे. ज्याने ती सूज पाहिली असेल त्याला नाव का पडले ते वेगळे सांगायला नको. हे गळू नाही. हा बुरशीवर शरीराने घेतलेला जोराचा आक्षेप आहे. त्याला चिरा देऊन पू काढायचा नसतो. चिरल्याने बरे होत नाही, उलट व्रण वाढतो. उपचाराला उशीर झाला तर त्या जागी केसांची मुळेच मरतात आणि मग केस कायमचे येत नाहीत. असे दिसले तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा, तपासणीच्या निकालासाठीही थांबू नका. डॉक्टर बहुतेक वेळा लगेच गोळ्या सुरू करतात.

एका घरची हकीकत

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या सात वर्षांच्या मुलाचे उदाहरण घेऊ. आदल्या वर्षी भात लावणीच्या सुमारास त्याच्या डोक्यात रुपयाएवढा चट्टा आला. आईने आधी टाकळ्याचा पाला वाटून लावला. यात हसण्यासारखे काही नाही. टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्न म्हणतात, म्हणजे दाद घालवणारा, आणि अंगावरच्या गजकर्णावर आपल्या आजीपणजीने तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे. पण पाला हा शेवटी वरचाच लेप. केसाच्या आत तोही जात नाही.

मग आठवडी बाजारातून ट्यूब आणली. दुकानदाराने विचारले, "खाज आहे का?" आई म्हणाली, "आहे." त्याने दिली. ट्यूब लावली की तीन दिवसांत खाज थांबे, लाली जाई, आणि ट्यूब संपली की पंधरा दिवसांत चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परत येई. या ट्यूबांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. बाजारात मिळणाऱ्या खाजेच्या अनेक मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर जोरदार स्टेरॉइड मिसळलेले असते. क्लोबेटासोल, बीटामेथासोन अशी त्यांची नावे खोक्यावर बारीक अक्षरात असतात. स्टेरॉइड खाज आणि सूज दाबते, पण त्याच वेळी शरीराची बुरशीशी लढण्याची ताकदही दाबते. चट्ट्याचे रूप बदलते, कडा पुसट होतात, आणि पुढे तपासणाऱ्या डॉक्टरलाही गजकर्ण ओळखणे अवघड जाते. आत बुरशी पसरत राहते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. आज गावोगावच्या दुकानांत काय चालते ते वाचकांना ठाऊक आहे. औषधाला दाद न देणारा गजकर्ण गेल्या काही वर्षांत देशभर वाढला, आणि त्याच्या कारणांत त्वचारोगतज्ज्ञ या ट्यूबांचे नाव पुढे घेतात.

दिवाळीनंतर ते कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. तिथे धूळ, घाम, एकाच गोधडीत तीन मुले. फाल्गुनात चट्ट्याची सूज झाली, पू आला. भट्टीजवळच्या एका दवाखान्यात ती गळू समजून चिरली आणि पट्टी बांधली. पोर आठ दिवस रडत होते. बापाने त्याचे डोके वस्तऱ्याने साफ केले, औषध नीट लागावे म्हणून. भट्टीवरच्या मुलांनी त्याला टकल्या नाव ठेवले. पावसाआधी पाड्यावर परतल्यावर शाळा सुरू झाली तेव्हा तो शाळेत जाईना. टोपी घालून घराच्या मागे बसे.

आशाताईने हे पाहिले आणि आईला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले, तिथून ग्रामीण रुग्णालयात. तिथे चट्ट्याच्या कडेची खपली आणि दोन-चार तुटके केस खरवडून घेतले, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. या तपासणीला फार खर्च नाही, दुखतही नाही. कातडीचा भाग विरघळतो आणि बुरशीचे धागे व बीजाणू दिसतात. (काही ठिकाणी निळसर दिव्याखाली डोके पाहतात. मांजर-कुत्र्यांकडून आलेली बुरशी त्या दिव्यात हिरवी चमकते. पण आपल्याकडे जास्त आढळणारी जात चमकत नाही. म्हणून "दिव्यात काही दिसले नाही" म्हणजे रोग नाही असे होत नाही.) तपासणीत बुरशी सापडली. गोळ्या मिळाल्या.

गोळ्यांचे आठवडे

मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णावर मुख्यतः दोन औषधे वापरतात. जुने ग्रिसिओफुल्विन, ते साधारण सहा ते आठ आठवडे घ्यावे लागते, कधी त्याहून जास्त. नवे टर्बिनाफिन, ते बहुधा चार आठवडे. कोणते द्यायचे हे बुरशीच्या जातीवर, मुलाच्या वयावर आणि रुग्णालयात काय उपलब्ध आहे त्यावर ठरते. ते डॉक्टरांवर सोपवावे. पालकांनी एक गोष्ट मात्र आवर्जून पाहावी: त्या दिवशी मुलाचे वजन केले का? गोळीचा डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो. आपल्या भागात सात वर्षांचे एक मूल बावीस किलोचे असते आणि दुसरे सोळा किलोचे. शेजारच्या मुलाच्या गोळ्या आपल्या मुलाला देऊ नयेत, हे त्यासाठीच.

ग्रिसिओफुल्विन रिकाम्या पोटी फारसे अंगी लागत नाही. जेवणात स्निग्ध पदार्थ असेल तर ते चांगले शोषले जाते. पुस्तकात "दुधासोबत द्यावे" असे लिहिलेले असते, आणि ज्या घरात चहालाही दूध नाही तिथली आई ते ऐकून गप्प बसते. दूधच हवे असे नाही. भाकरीबरोबर खुरासणीच्या तेलातली चटणी, मूठभर शेंगदाणे, अंडे किंवा ओल्या नारळाचा तुकडा चालेल. आपल्या डोंगरावर पिकणारी खुरासणी इथे औषधाच्या उपयोगाला येते.

वरच्या उदाहरणातल्या आईला वाचता येत नव्हते. आशाताईने तिला सांगितले की रात्री जेवण झाले की गोळी, आणि गोळी गेली की कुडाच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ. सात रेघा झाल्या की आडवी फुली. लावणीच्या दिवसांत सकाळी चिखलात उतरायची घाई असते, सकाळची गोळी हमखास राहून जाते, म्हणून रात्रीची वेळ ठरली. हे छापील तक्त्यापेक्षा चांगले चालले, असे आमचे मत आहे. तक्ता पिशवीत राहतो, भिंत रोज दिसते.

आता आठवड्यांचे. पहिल्या आठवड्यात खाज कमी होते. याच सुमारास काही मुलांच्या अंगावर, विशेषतः कानाभोवती, मानेवर, हातांवर बारीक खाजरे पुरळ उठते. आई घाबरते, "गोळी बाधली" म्हणते आणि गोळी बंद करते. बहुतेक वेळा हे औषधाचे नसते. डोक्यातल्या बुरशीशी शरीर लढू लागले की असे पुरळ येते आणि आपोआप ओसरते. डॉक्टरांना किंवा परिचारिकेला दाखवून खात्री करावी, पण स्वतःच्या मनाने गोळी थांबवू नये.

तिसरा आठवडा सर्वांत धोक्याचा. कोंडा गेलेला असतो, खाज नाही, पू सुकलेला, पोर खेळते आहे. घरच्यांना वाटते झाले. पण जुन्या केसांच्या खुंटांत बुरशी अजून जिवंत असते. ग्रिसिओफुल्विन बुरशीला ठार मारत नाही. ते तिची वाढ रोखून धरते. रोखणारा हात मध्येच काढला की ती पुन्हा चालू लागते. जी मुले "वर्षभर हटत नाही" म्हणून आमच्यापुढे येतात त्यांतल्या कितीतरींची गोळी याच आठवड्यात सुटलेली असते. या घरीही तसेच होणार होते. आजी म्हणाली, "बरं झालं ना, मग कशाला विष घालता पोटात?" आशाताई भिंतीवरच्या रेघा मोजून म्हणाली, "आजी, लावणी झाली म्हणून भात घरात आला का?" आजी हसली. रेघा पुढे गेल्या.

गोळीच्या त्रासाविषयीही लपवाछपवी नको. डोकेदुखी, मळमळ, पोट बिघडणे असा थोडा त्रास काहींना होतो, तो जातो. ग्रिसिओफुल्विनवर असलेल्या मुलाला कडक उन्हात कातडी लाल होऊ शकते. पण डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, सारख्या उलट्या झाल्या, अंगभर फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात जावे. मूल आकडीच्या किंवा क्षयरोगाच्या गोळ्या घेत असेल तर ते आधी सांगावे, कारण त्या औषधांमुळे या गोळ्यांचा जोर कमी होऊ शकतो. आणि ग्रिसिओफुल्विन गरोदर बाईने कधीही घेऊ नये. घरात एकाला आणलेली गोळी दुसऱ्याने खाऊन पाहण्याची सवय आपल्याकडे आहे, म्हणून हे वेगळे लिहिले.

आठ आठवड्यांनी पुन्हा खरवडून तपासणी केली, बुरशी दिसली नाही. डोक्यावर खुरटे केस उगवले होते. जिथे चिरा दिला होता तिथे रुपयाएवढी जागा मात्र तशीच राहिली आहे, चकचकीत. तिथे आता केस येणार नाहीत.

गोळीआधीचे दिवस

थोडे मागे जाऊन सांगावेसे वाटते. ग्रिसिओफुल्विन १९३९ साली एका बुरशीतूनच सापडले, पण गजकर्णावर पोटातून देता येते हे कळायला १९५८ साल उजाडले. त्याआधी जगभर डॉक्टर काय करत? केस उपटत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमधल्या साबुरो या त्वचारोगतज्ज्ञाने क्ष-किरणांनी डोक्यावरचे सगळे केस पाडण्याची पद्धत आणली. केस पडले की आतली बुरशीही जाई, आणि महिन्या-दोन महिन्यांनी नवे केस येत. हजारो मुलांची डोकी या किरणांखाली गेली. इस्रायलमध्ये १९४८ नंतरच्या काळात बाहेरून आलेल्या गरीब स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांवर हा उपचार मोठ्या प्रमाणावर झाला. त्यांतल्या अनेकांना पुढे मोठेपणी मेंदूच्या गाठी व थायरॉइडचा कर्करोग झाल्याचे आढळले, आणि १९९४ मध्ये तिथल्या सरकारला त्यांना भरपाई देण्याचा कायदा करावा लागला. आज गोळी स्वस्त आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलांसाठीच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. रॉकेल, बॅटरीतली काळी पूड, मोरचूद, विडीची राख असले काही मुलाच्या डोक्यावर चोळताना कोणी दिसले, तर त्याला ही हकीकत जरूर सांगा. हे जहाल पदार्थ कातडी जाळतात, बुरशी जाळत नाहीत.

घरातली इतर डोकी

एका मुलाला औषध देऊन काम संपत नाही. या घरी पाच वर्षांच्या बहिणीचे डोके सुईणीसारखे उजेडात धरून पाहिले तेव्हा कानामागे काळे ठिपके सापडले. खाज नाही, चट्टा नाही, कोणाचे लक्षही नव्हते. दोघांची फणी एक, गोधडी एक. भावाला बरे करून बहिणीला तसेच ठेवले असते तर महिनाभरात भावाच्या डोक्यात पुन्हा रोग दिसला असता, आणि दोष गोळीला लागला असता. काही मुलांच्या डोक्यात तर बुरशी असते पण खूण काहीच नसते. म्हणून एका मुलाला निदान झाले की घरातल्या सगळ्या मुलांची डोकी दाखवून घ्यावीत. बहिणीलाही तिच्या वजनाप्रमाणे गोळ्या मिळाल्या.

डॉक्टर बहुधा किटोकोनॅझोल किंवा सेलेनियम सल्फाइडचा शाम्पूही देतात. आठवड्यातून दोनदा, फेस पाच-दहा मिनिटे डोक्यावर राहू द्यायचा आणि मग धुवायचा. हा शाम्पू एकटा रोग बरा करत नाही, पण डोक्यातून झडणारे बीजाणू कमी करतो, म्हणजे इतरांना लागण कमी होते. घरातल्या बाकीच्यांनीही काही आठवडे तो वापरला तर उत्तम.

हे बीजाणू फणीत, टोपीत, उशीच्या अभ्ऱ्यात महिनोन्‌महिने टिकतात. प्रत्येक मुलाला वेगळी फणी, एवढे तरी करावे. पाच-दहा रुपयांत होते. जुन्या फण्या फेकून द्याव्यात. टॉवेल, टोपी, अभ्रे गरम पाण्यात धुवावेत आणि गोधड्या कडक उन्हात उलटसुलट वाळवाव्यात. मुंडण करण्याची गरज नाही. गोळी केसाच्या मुळातून काम करते, तिला टक्कल लागत नाही. बाजारातल्या न्हाव्याचा एकच वस्तरा किंवा मशीन दहा डोक्यांवरून फिरते, तेव्हा मुंडणाने रोग पसरण्याचीच शक्यता अधिक.

गोठ्यातही नजर टाका. वासरांच्या डोळ्यांभोवती, मानेवर जाड राखाडी खपल्यांचे गोल चट्टे येतात, तोही गजकर्णच, आणि तो माणसाला लागतो. जनावरांकडून आलेला गजकर्ण मुलाच्या डोक्यात बहुधा त्या पोळ्यासारख्या सुजेच्या रूपात उठतो. गुरे राखणाऱ्या, वासराच्या गळ्यात पडून झोपणाऱ्या मुलाला अशी सूज आली तर डॉक्टरांना वासराबद्दलही सांगा आणि वासराला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. मांजराच्या पिलांचेही तसेच.

शाळा आणि भट्टी

शाळेबद्दल दोन शब्द. डोक्यात गजकर्ण आहे म्हणून मुलाला शाळेतून किंवा वसतिगृहातून घरी पाठवू नये. गोळी आणि शाम्पू सुरू झाले की ते मूल वर्गात बसू शकते. घरी पाठवलेले मूल गोळ्याही सोडते आणि बऱ्याचदा शाळाही. अधीक्षकांनी पाहायचे ते वेगळेच आहे: एका खोलीत एकच फणी आहे का, केस कापणारा मशीन पुसतो का, अंथरुणे उन्हात पडतात का, आणि मुले त्या मुलाला काय नावाने हाक मारतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. त्यांच्या तपासणीच्या यादीत त्वचेचा बुरशीचा रोग आहे. पथक येईल त्या दिवशी अशा मुलाची टोपी काढून त्याला पुढे उभे करावे, रांगेच्या शेवटी लपू देऊ नये.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून कठीण. दिवाळीनंतर निघायचे आहे आणि गोळ्यांचे तीनच आठवडे झालेत, अशी वेळ येते. ते डॉक्टरांना सरळ सांगावे: "आम्ही अमुक तारखेला भट्टीवर जाणार." मग उरलेल्या सर्व गोळ्या एकदम मिळू शकतात. सोबत कागद मागून घ्यावा, त्यावर रोगाचे नाव, औषधाचे नाव, मुलाचे वजन, सुरू केल्याची तारीख आणि किती आठवडे घ्यायचे ते लिहून घ्यावे. तो प्लास्टिकच्या पिशवीत रेशन कार्डाबरोबर ठेवावा. भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्यात तो कागद दाखवला की तिथला डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून गळू म्हणून सुरुवात करणार नाही. आशाताईंनी निघणाऱ्या कुटुंबांची यादी करताना "कोणाच्या घरी लांबची गोळी चालू आहे" हा रकाना वहीत घालावा. गजकर्ण, क्षयरोग, आकडी, सिकलसेल सगळ्यांना तो उपयोगी पडेल.

पाडव्यानंतर कुटुंबे परतू लागतात. पहिल्या अंगणवाडी बैठकीला मुलांचे वजन होतेच. काटा रिकामा झाला की त्याच जागी, दारातल्या उजेडात, तेल न लावलेले डोके एकदा पाहून घ्या. कानामागे आणि मानेच्या वर आधी पाहा.